स्पॅग आणि शनवार तेली



अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावच्या एका वृद्ध दुकानदाराचे आज स्मरण करू या. अँथनी बोर्गाटी हे इटालियन घराण्यातले. स्पॅगेटीवरून पडलेले ‘स्पॅग’ हे टोपणनावच त्यांनी १९३४ साली उघडलेल्या दुकानाच्या पाटीवर घातले. तिथे पिशवी मिळत नसे, पण माल स्वस्त! १९९६ साली ते वारले. दुकानही आता नाही. गाव मात्र त्यांचे नाव काढते.

कोकणात आपल्या वाडवडिलांनाही शेजाऱ्यांनीच नाव दिले, शनवार तेली. शब्बाथला घाणा बंद, म्हणून. त्या दिवसाचे उत्पन्न बुडे, ते बुडेच. परमुलखात गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या बांधवांना ही ओढाताण ठाऊक आहे.

तालमूद सांगते, देवाच्या न्यायासनापुढे पहिला प्रश्न देण्याघेण्यातल्या सचोटीचा. तोरा-अभ्यासाचा प्रश्न त्यानंतर येतो, याचे आम्हांला नेहमीच नवल वाटते.