मधली चित्रं कुणाची?

मनोरला भाच्याकडे नवा पंचावन्न इंची टीव्ही आला आणि पहिला मान ‘सैराट’ला मिळाला. परशा धावत येऊन विहिरीत उडी घेतो, तिथे मी जरा पुढे सरकून बसलो. काहीतरी खटकत होतं. चित्र लख्ख होतं, पण परशाच्या दंडांभोवती तापल्या डांबरावर दिसते तशी थरथर होती. सगळा प्रसंग गावातल्या एखाद्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याने काढल्यासारखा वाटत होता. “मामा, किती स्मूद आहे बघा!” भाचा म्हणाला. होतं खरं. तेच तर दुखणं.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. या आकड्यात पवित्र असं काही नाही. मूकपटाच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. वेग कधी १६, कधी १८, कधी त्याहून जास्त. बोलपट आले तसा आवाजासाठी एकसारखा वेग लागू लागला. फिल्म महाग, म्हणून उगाच जास्तही परवडेना. तडजोड चोविसावर झाली. टीव्हीचा हिशेब निराळा. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, मग ती आमच्या शेजारच्या तारापूरची असो की कोयनेची. त्याच्या निम्म्या मापाने आपला जुना टीव्ही २५ चित्रांचा झाला. चोविसाचा सिनेमा पंचविसाने पळवला, तर तीन तासांचा खेळ सात मिनिटं आधीच आटोपतो आणि आवाजही किंचित चढतो. घरात बसलेल्या कुणाला ते कळतसुद्धा नाही.

हल्लीचे बरेचसे पडदे साठाचे. साठाला चोविसाने भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा दाखवायचं, पुढचं दोनदा. मग कॅमेरा शेतावरून सावकाश फिरला की गचके बसतात. ते लपवायला टीव्ही दोन चित्रांमधली चित्रं स्वतःच अंदाजाने बनवतो. सेकंदाला साठ भरायची, म्हणजे निदान छत्तीस चित्रं अशी, जी कुठल्याही कॅमेऱ्याने टिपलेली नाहीत.

“तुम्हाला चोविसाची सवय झालीय, एवढंच,” भाचा म्हणाला. यात तथ्य आहे. २०१२ साली आलेला ‘द हॉबिट’ मुळातच ४८ च्या वेगाने चित्रित झाला होता, चित्रं सगळी खरी होती. तरी तो पाहून अनेकांना आपण सिनेमा नाही, नाटकाचा सेट बघतोय असं वाटलं. आजची पोरं मोठी झाली की कदाचित चोविसालाच हसतील. हसोत. माझी तक्रार वेगाबद्दल नाहीच.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. ठरावीक अंतराने एकेक चित्र, असं महिनाभर. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या पटाचं नाव. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून केलेला खटाटोप. आता हाच पट या टीव्हीवर लावला तर काय होईल? दोन चित्रांच्या मधे कोंब कुठे वळला, रात्री कधी थबकला, ते फक्त वाटाण्याला ठाऊक. टीव्ही मात्र मधल्या रात्री आपल्या मनाने भरून टाकील आणि वेल तेल लावल्यासारखा सरसर चढेल. किती चित्रं घ्यायची, मधे किती अंतर सोडायचं, हे फाळक्यांनी ठरवलं होतं. त्या अंतरात आणखी कुणी लुडबुड करावी, हे मला पटत नाही.

क्रिकेटसाठी ही भर ठीक आहे. चेंडू कुठे टप्पा खातो ते दिसायलाच हवं. सिनेमाचं तसं नाही. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना टीव्हीतलं मधली चित्रं भरणारं हे सेटिंग बंद करायची विनंती केली होती. इतक्या उड्या मारणाऱ्या माणसाला शेवटी रिमोटबद्दल बोलावं लागलं!

तुमच्याकडेही बघा. सेटिंगमध्ये ‘पिक्चर’खाली कुठेतरी ‘मोशन’ असा शब्द असलेलं काहीतरी सापडेल. कंपनीगणिक नाव बदलतं. सिनेमा लावताना ते बंद करा. दुकानात डोळे दिपवण्यासाठी ठेवलेला ‘व्हिव्हिड’ही काढून टाका, माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतील. काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो लावला की ही दोन्ही कामं एकदम होतात.

भाच्याने कुरकुरत ते ‘मोशन’ बंद केलं आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. परशाच्या दंडांभोवतीची थरथर गेली होती.