मागील बाकी

लक्ष्मीपूजनाच्या वहीत मी पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितो, त्याखाली ‘शुभ-लाभ’ लिहितो, आणि मग तिसरी ओळ लिहायला घेतो. त्या ओळीपाशी माझा हात दरवर्षी किंचित थबकतो. ती ओळ म्हणजे ‘मागील बाकी’. उदगीरच्या मोंढ्यात आमचे आडतीचे दुकान आहे. हिशेब आता मुलगा संगणकावर ठेवतो; पण पूजेची वही अजून मीच लिहितो, आणि पन्नासाहून अधिक वर्षे लिहीत आलो आहे.

गेल्या दिवाळीत माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादांचा, नातू अमेरिकेहून आला होता. वय बावीस. फराळाचे ताट मांडीवर आणि डोळे फोनवर. आपल्याकडे दिवाळीची गडबड असते त्याच सुमारास तिकडे बेसबॉलची अंतिम मालिका रंगते, आणि तिथला रात्रीचा सामना इथे सकाळी दिसतो. मी जवळ जाऊन बसलो. म्हातारपणी नातवाशी बोलायचे तर त्याच्या खेळात शिरावे लागते.

त्याने मला खेळ समजावून दिला. नऊ डाव. चेंडू फेकणारा तो पिचर. फटका मारणारा एकेक तळ गाठीत चौथ्या तळाला, म्हणजे घरी, पोचला की एक धाव. सामना सुरू करणारा पिचर दमला किंवा मार खाऊ लागला, की त्याला बाहेर बोलावतात आणि दुसऱ्याला आत धाडतात. गेलेला पुन्हा येऊ शकत नाही. हा दुसरा म्हणजे ‘रिलीफ पिचर’. त्याचा जन्मच मुळी दुसऱ्याच्या अडचणीत होतो! सारा सामना तो मैदानाच्या कडेला बसून काढतो आणि बोलावणे येते ते बहुधा घर पेटल्यावर.

या जातीतला सर्वांत मोठा म्हणून त्याने मारियानो रिव्हेराचे नाव सांगितले. पनामातल्या कोळ्याचा मुलगा. १९९५ ते २०१३ ही सारी वर्षे तो न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून खेळला. सामने १,११५ आणि टाकलेले डाव १,२८३. म्हणजे सामन्यामागे जेमतेम एक डाव. त्या एका डावाच्या बळावर त्याने ६५२ सामने वाचवले. अशा वाचवण्याची अधिकृत नोंद १९६९ पासून होऊ लागली. २०१९ मध्ये त्याला त्या खेळाच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले तेव्हा एकही मत विरुद्ध गेले नाही. असे पूर्वी कोणाच्याच बाबतीत घडले नव्हते. आणि हाच रिव्हेरा २००१ च्या अंतिम मालिकेतला शेवटचा सामना, हाती आलेली आघाडी असताना, हरला होता. त्या डावात त्याने स्वतःच एक चेंडू चुकीचा फेकला होता.

“आपल्याकडचं कोणी?” मी विचारले.

“उत्तर प्रदेशातले दोघे होते, आबा. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. भालाफेक करणारी पोरं. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संघानं त्यांना घेतलं. रिंकू असाच मागून येणारा पिचर होता. पण दोघंही वरच्या पायरीपर्यंत पोचले नाहीत.”

मग त्याने सहज एक नियम सांगितला, आणि माझा चिवडा हातातच राहिला. नवा पिचर आत येतो तेव्हा आधीच्याच्या वेळी पोचलेली माणसे तळांवर उभी असतात. यांतले कोणी नव्याच्या चेंडूवर घरी पोचले, तर ती धाव नव्याच्या नावावर चढत नाही; ती जुन्याच्या खात्यात जाते. जुना तर केव्हाच बाहेर जाऊन बसलेला असतो. नव्याच्या नावावर फार तर सामना वाचवायची संधी दवडल्याची नोंद होते.

आडत्याच्या कानाला ही भाषा परकी नव्हती. ज्याने उधारी दिली त्याच्या काळातली ती उधारी. मी म्हणालो, “नियम न्यायाचा आहे.”

यावर पोरगा हसून म्हणाला, “तुमच्यासारखंच आहे ना, आबा? बाबा नेहमी सांगतात, आजोबांनी दुकान बुडवलं होतं आणि तुम्ही येऊन वाचवलं.”

मी काहीच बोललो नाही. ताट उचलून आत गेलो.

दुपारी आम्ही दोघे किल्ल्यावर गेलो. उदागीर बाबांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि तटाच्या सावलीला बसलो. या गावाचे नाव इतिहासात आहे ते ३ फेब्रुवारी १७६० या दिवसामुळे. सदाशिवरावभाऊंनी त्या दिवशी निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्यांच्या बाजूला होत्या. साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी तहात मिळाली. पण लढाई जिंकली त्याआधीच, १० जानेवारीला, दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. बातमी मागाहून आली आणि मार्चमध्ये परतूरहून भाऊंना उत्तरेकडे रवाना करण्यात आले. उदगीरचा विजय हीच त्यांची शिफारस ठरली.

मला एकदम जाणवले, की भाऊसाहेब म्हणजे मधल्या डावात आत धाडलेला गडीच. तळांवर माणसे कोणाची होती? १७५८ मध्ये राघोबादादांचे सैन्य लाहोरपर्यंत आणि पुढे अटकेपर्यंत गेले, त्याचा डंका आपण आजही वाजवतो; परंतु ती मोहीम कर्ज घेऊन परतली. राजपुतांची मने आधीच दुखावलेली होती. कुंभेरच्या वेढ्यामुळे १७५४ पासून जाटांशी वैर झालेले होते. अब्दाली पुन्हा आत उतरला होता. हे सारे भाऊंच्या आधीचे. भाऊंच्या स्वतःच्या चुकाही कमी नव्हत्या. मल्हाररावांचा गनिमी लढाईचा सल्ला त्यांनी मानला नाही, सूरजमल जाट सोबत होता तो दुरावला, आणि लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांचा केवढा लवाजमा होता! १४ जानेवारी १७६१ ला जे झाले ते झाले. पण आपल्या लोकव्यवहाराने ते सगळेच्या सगळे भाऊंच्या खात्यावर टाकले. अटकेचा जमा दुसऱ्याच्या नावावर, पानिपताचा खर्च भाऊंच्या. त्या परक्या खेळाचा कारकून आपल्यापेक्षा बारकाईने हिशेब ठेवतो, असे मला त्या सावलीत बसून वाटले.

आणि मग माझीच मला लाज वाटली. भाऊसाहेबांचा न्यायनिवाडा करणारा मी, माझ्या घरच्या वहीचे काय केले होते?

१९७२ च्या दुष्काळात दादांचे दुकान खचले. शेतकऱ्यांना दिलेली उचल बुडाली आणि ज्यांचा माल विकला होता त्यांच्या पट्ट्या थकल्या. त्यातच दादांना अर्धांगवायूचा झटका आला. मी तेव्हा औरंगाबादला वकिलीचे शिक्षण घेत होतो. ते सोडून १९७३ च्या दिवाळीला गादीवर येऊन बसलो. वय तेवीस. कोणी पैसे मागायला आला की माझे उत्तर ठरलेले असे : “ते दादांच्या वेळचं. माझ्या वहीत नाही.” शब्द खोटा नव्हता. नवी वही मी मुद्दामच कोरी सुरू केली होती. मागील बाकी ओढलीच नव्हती.

एके दिवशी देवणीकडचा एक म्हातारा शेतकरी आला. तुरीच्या चार पोत्यांचे पैसे राहिले होते. माझे ठरलेले वाक्य त्याने शांतपणे ऐकून घेतले, पायरीवर उभे राहून दुकानाच्या पाटीकडे पाहिले आणि म्हणाला, “पाटी तर तीच हाय की, मालक.” एवढेच. रागावलाही नाही. काठी उचलून निघून गेला.

दुकानामागच्या खोलीत दादा खाटेवर पडून होते. जीभ जड झाली होती, कान शाबूत होते. त्या रात्री वहिनींनी सांगितले, की आज ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी जुनी खतावणी काढली आणि एकेक देणे नव्या वहीत उतरवले. फेडायला अकरा वर्षे लागली. गावाने माझी वाहवा केली. दुकान वाचवणारा म्हणून चारचौघांत मान मिळाला, आणि हे सगळे मला आवडले. त्या वाहवेच्या पोटात दादांची निंदा होती, हे मला कळत होते. त्यांचा सात वर्षांचा मुलगा दाराआडून ते ऐकत मोठा झाला. मी त्याला कधी थांबवले नाही. देणी माझ्या वहीत घेतली, दोष मात्र दादांच्याच खात्यावर राहू दिला.

दादा १९८१ मध्ये गेले. त्यांची जुनी पेटी आवरताना १९५२ ची वही हाती लागली. वडील वारले आणि वीस वर्षांचे दादा गादीवर बसले, त्या वर्षीची. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘श्री’, ‘शुभ-लाभ’ आणि खाली ‘मागील बाकी’ म्हणून हाली सिक्क्यातली एक रक्कम होती. निजामाचे चलन तेव्हा अजून पुरते उठले नव्हते. ती रक्कम देण्याची होती. रझाकारांच्या धामधुमीत वडिलांचे दुकान लुटले गेले, त्याचे ते ओझे. एकवीस वर्षे एका गादीभोवती आम्ही वावरलो. दादांच्या तोंडून “हे बाबांच्या वेळचं” असे मी एकदाही ऐकले नव्हते.

माणसाला दोन वह्या ठेवाव्या लागतात, असे मला या वयात वाटते. दुसऱ्याचा हिशेब लिहिताना त्या बेसबॉलच्या कारकुनासारखे लिहावे : तो आला तेव्हा तळांवर कोण कोण उभे होते, हे आधी नोंदवावे आणि मगच धावा मोजाव्यात. स्वतःचा हिशेब लिहिताना मात्र आडत्याच्या रीतीने मागील बाकी पहिल्या ओळीला ओढावी आणि ती आपलीच समजावी. आपण नेमके उलट करतो. सून सासूच्या संसाराचे, नवा अधिकारी जुन्या अधिकाऱ्याचे, मुलगा बापाचे नाव पुढे करतो. आणि दुसरा चुकला की त्याच्या हाती काय आले होते ते विचारीतही नाही.

किल्ल्यावरून परतल्यावर मी ती १९५२ ची वही नातवापुढे ठेवली. त्याला देवनागरी वाचता येते, पण सावकाश. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून त्याने अर्थ विचारला. मी सगळे सांगितले. कोरी वही, तो म्हातारा, वहिनींचे बोलणे, काहीही न गाळता.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे आजोबा आत आले तेव्हाही बेसवर माणसं होती.”

“होती,” मी म्हणालो. “तुझ्या बाबांना आज फोन करशील तेव्हा हे सांग. नाहीतर नको, मीच सांगतो.”

संध्याकाळी पूजा झाली. नव्या वहीत ‘श्री’ लिहिले, ‘शुभ-लाभ’ लिहिले, आणि तिसरी ओळ लिहायला पेन त्या पोराच्या हातात दिले.