अनुपस्थितांच्या मोलाने घेतलेली शांती

शांतीसाठी तडजोड करावी की करू नये, हा खरा प्रश्नच नव्हे. तडजोडीवाचून दोन सख्खे भाऊ एका छपराखाली राहू शकत नाहीत. मग दोन राष्ट्रे शेजारी कशी नांदणार? खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तडजोडीत जे सोडून द्यायचे, ते सोडणाऱ्याचे स्वतःचे असते की दुसऱ्याचे? दोन महायुद्धांमधील वीस वर्षांत युरोपने शांतीसाठी जी धडपड केली, तिची परीक्षा या एकाच कसोटीवर करून पाहावी.

हा विषय आपल्या खानदेशाला परका नाही. काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले ते डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या फैजपुरास. नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबूंनी सजलेल्या त्या नगराला टिळकनगर हे नाव दिले होते. अध्यक्षपदावरून पंडित नेहरूंनी या कापसाच्या मुलखात ॲबिसिनियाची आणि स्पेनची कहाणी काढली. शेतसाऱ्याने आणि कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला त्या दूरच्या देशांचे काय, असे कुणाला वाटले असेल. पण त्या देशांचे आणि त्या शेतकऱ्याचे दुःख एकाच जातीचे होते. त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांना न विचारता होत होते.

टिळकनगर या नावातही तीच खूण सापडते. १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी लोकमान्यांना प्रतिनिधी निवडले होते. ते तेव्हा इंग्लंडमध्येच होते. परंतु त्यांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही. परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन पाठवण्यावरच त्यांना थांबावे लागले. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या केल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसे समुद्रापार गेली. मेसोपोटेमियाच्या वाळूत मराठा पलटणींनी आपले जवान ठेवले. रक्त त्यांचे होते, सही मात्र दुसऱ्याची! पराभूत जर्मनीलाही तहाचा मसुदा चर्चेसाठी नव्हे, तर स्वीकारण्यासाठी दिला गेला. १९१७ च्या ऑगस्टमध्ये शस्त्रकपात आणि लवाद यांचा मार्ग सुचवणारे पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या प्रतिनिधीलाही परिषदेत स्थान नव्हते. १९१५ च्या लंडनच्या गुप्त करारातच तशी तरतूद करून ठेवलेली होती.

त्यानंतरच्या प्रयत्नांची थट्टा करणे सोपे आहे. पण ते न्याय्य ठरणार नाही. ब्रियाँ आणि स्ट्रेझमान ही शत्रुराष्ट्रांची माणसे. १९२५ मध्ये लोकार्नो येथे ती एका मेजाभोवती बसली, हे काही लहान धैर्य नव्हे. पण या कराराने फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनी यांच्यामधील सीमांना हमी दिली. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्या सीमांना तशी हमी मिळाली नाही. पश्चिमेचे दार बंद झाले, पूर्वेचे लोटलेलेच राहिले. २७ ऑगस्ट १९२८ च्या पॅरिस कराराने तर राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्यागच जाहीर केला. पण करार मोडणाऱ्याला कोण आवरणार, याविषयी त्यात अक्षर नव्हते.

या साऱ्याची कसोटी १९३५ च्या ऑक्टोबरात लागली. इटलीने ॲबिसिनियावर स्वारी केली. राष्ट्रसंघाने आर्थिक बंधने घातली, पण त्यांतून तेल वगळले. सुएझ कालवाही उघडाच राहिला. इटली दुखावून हिटलरच्या गोटात जाईल, ही भीती त्यामागे होती. डिसेंबरात ब्रिटन आणि फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ॲबिसिनियाचा मोठा भाग इटलीला देण्याची गुप्त योजना आखली. ती फुटली आणि लोकक्षोभात बुडाली. पुढल्या जूनमध्ये सम्राट हैले सेलासी जिनिव्हात येऊन न्याय मागते झाले. जुलैत बंधने उठवली गेली. आणि सत्य सांगायचे, तर इटलीतील ख्रिस्तसभेच्या कित्येक अधिकाऱ्यांनीही त्या स्वारीचा जयजयकार केला होता. हे आपण झाकू नये.

१९३८ च्या सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये चार राष्ट्रांच्या नेत्यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटेन प्रदेश जर्मनीला देऊन टाकला. चेक प्रतिनिधी त्याच शहरात होते. त्यांना बैठकीत प्रवेश नव्हता. निर्णय मध्यरात्रीनंतर त्यांच्या हाती ठेवण्यात आला. साऱ्या लोकांचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे हिताचे, असे सुचवणारा कयफा योहानाच्या शुभवर्तमानात आपल्याला भेटतो. त्याचा हिशेब वरवर शहाणपणाचा वाटतो. त्यात खोट एकच आहे : मरणारा माणूस तो स्वतः नाही. प्रभू येशूनेही शांतीसाठी मोल दिले. पण ते स्वतःच्या देहाचे दिले, शेजाऱ्याच्या नव्हे. त्याग आणि बळी या दोन शब्दांतले अंतर इथे आहे.

यावर कुणी म्हणेल, चेंबरलेनने दुसरे काय करावे? एक पिढी खंदकांत गाडली गेलेली त्याने पाहिली होती. त्याच्या देशाची युद्धाची तयारी नव्हती. लोकांनाही शांतीच हवी होती. हा आक्षेप हलका नाही. युद्ध टाळण्याची इच्छा हे पाप नव्हे. परंतु ज्याचे घर द्यायचे त्याला बैठकीत बसवणे तर अशक्य नव्हते. शिवाय जे शहाणपण म्हणून केले, ते फळलेही नाही. सहा महिन्यांच्या आत, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. दुर्बळाला देऊन विकत घेतलेली शांती बलवानाची भूक वाढवते. त्याला कळून चुकते, की इथे प्रतिकार होत नाही.

ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी आणि रशिया यांनी पोलंडला न विचारता पोलंडच्या छातीवरून गुप्त रेघ ओढली. पोप बारावे पायस यांनी २४ ऑगस्टला आकाशवाणीवरून कळवळून विनंती केली. आठवड्याभरात युद्ध पेटले. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉयने हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले, अर्थात कुणालाही न विचारता. आणि त्या रेघेच्या पलीकडून सायबेरियात हाकलली गेलेली पोलिश माणसे, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, फिरत फिरत १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोहोचली. सुमारे पाच हजार जीव तेथे १९४८ पर्यंत राहिले. त्या छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. युरोपातील बंद खोल्यांत झालेल्या कराराचे बिल पंचगंगेच्या काठी येऊन पोहोचले.

न्यायाचे फळ शांती, ही यशयाची शिकवण. फळ आधी आणि झाड मागून असे होत नाही. वाचकहो, ही गोष्ट केवळ राष्ट्रांची समजू नका. आपल्या गावी भाऊबंदकीचा वाद मिटतो आणि बहिणीचा हिस्सा तिला न कळवता सोडला जातो. घरात शांती राहावी म्हणून सुनेला गप्प बसवले जाते. मजुराच्या थकलेल्या मजुरीवर दोन प्रतिष्ठित गृहस्थ सामोपचाराने पडदा टाकतात. सारे हात जोडून उठतात, चहा होतो, वाद मिटल्याची वार्ता पसरते. अशा प्रत्येक बैठकीत एकदा आजूबाजूला पाहून विचारावे : या समेटाचे मोल जो देणार आहे, तो इथे बसला आहे का? तो नसेल, तर आधी त्याला बोलवावे आणि मगच सही करावी.