जड आणि ढिलं

आमचे पुण्याचे एक स्नेही जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत. ते घरी आले, जीपच्या बॉनेटखाली डोकावले, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग रुमालाने हात पुसत म्हणाले, "सर, आता ही जीप राहिली नाही. जीपसारखी दिसणारी गाडी झाली."

चहा पिऊन ते गेले. वाक्य मात्र इथेच राहिलं. दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखं. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते.

झालं होतं एवढंच, की जीपचा मूळचा स्टेअरिंग बॉक्स काढून मी बाजारात तयार मिळणारा पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स बसवून घेतला होता. जीप उंच बॉनेटची, सीजे-३बी. नोंदणी १९६८ ची. वडिलांनी १९७४ साली दुसऱ्या हाताची घेतली, तेव्हापासून घरात आहे. घर नगरला, शेत राहुरीच्या अलीकडे, त्यामुळे आठवड्यातून दोनदा नगर-मनमाड रस्ता आणि विळद घाट. ज्यांनी तो रस्ता पाहिला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

स्नेह्यांच्या वाक्यामागचा प्रश्न जुनाच. फळ्या बदलत बदलत सगळंच नवं झालेलं ते ग्रीकांचं जहाज, नाहीतर दांडा तीनदा आणि पातं दोनदा बदललेली आजोबांची कुऱ्हाड. वाचकांनी ते इतक्यांदा ऐकलंय की इथे पुन्हा नको. शिवाय तो प्रश्न मला कधी छळलाही नाही. ज्या गावाच्या वेशीवरची पाटीच अलीकडे अहमदनगरची अहिल्यानगर झाली आणि ज्या गावात रिक्षावाला अजून "नगर, नगर" म्हणूनच ओरडतो, तिथला माणूस एका बॉक्सवरून झोप उडवून घेत नाही. मी वाद घालायला बसलो तो माझ्या एका आवडत्या फरकाच्या भरवशावर. जड आणि ढिलं यांतला फरक.

गॅरेजात स्टेअरिंगच्या तक्रारी दोनच येतात. "जड लागतंय" किंवा "प्ले आलाय". लोक त्या एकाच दमात सांगतात, पण त्या एक नाहीत. जड म्हणजे वळवायला ताकद लागते, मात्र जेवढं वळवलं तेवढी गाडी वळते. ढिलं म्हणजे तुम्ही वळवता आणि पुढच्या चाकांना बराच वेळ पत्ताच लागत नाही. जड गाडी कष्टवते, ढिली गाडी फसवते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९८ व्या नियमाने ढिलेपणाचं मापही ठरवून दिलंय: स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळी हालचाल चालणार नाही. घड्याळात बारावरून एकवर काटा जातो तेवढे ते ३० अंश. आमची जीप दीडपर्यंत जायची.

तो ढिलेपणा येतो कुठून, हे बॉक्स उघडल्यावर कळलं. आत एक दांडा, त्यावर स्क्रूसारखी फिरती खाच, त्या खाचेत दोन खुंट्या अडकवलेला लिव्हर. दांडा फिरला की खुंट्या खाचेतून सरकतात आणि लिव्हर बाहेरच्या ड्रॉप आर्मला ओढतो किंवा ढकलतो. अमेरिकेतल्या रॉस कंपनीची ही रचना. विलीजच्या जीपमधून ती महिंद्रांच्या जीपमध्ये आली. गंमत अशी की ही खाच मधोमध झिजते, टोकांना झिजत नाही. कारण गाडी जन्मभर बहुतेक वेळ सरळच चालते. वळणं थोडी, सरळ रस्ता फार. मधला प्ले काढायला बॉक्सवरचा स्क्रू आवळावा, तर टोकाला, जिथे खाच अजून नव्यासारखी आहे, तिथे बॉक्स आखडतो. वस्तादांनी तो स्क्रू दोनदा आवळला, दोनदा सैल केला आणि शेवटी म्हणाले, "भाऊ, याचं आता नाही व्हायचं. नवा टाका."

आता स्नेह्यांशी भांडण. त्यांच्या हातात कायदा आहे, हे आधीच कबूल करतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. आमची जीप वयात बसते, स्वरूपात बसत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि निर्मात्याने ठरवलेल्या स्वरूपाबाहेर गाडी बदलता येणार नाही असं २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावलंय. स्नेह्यांनी हे सगळं मला तारखांसकट ऐकवलं. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. ती चालवताना ते स्टेअरिंग सतत डावी-उजवीकडे हलवत असतात, जुन्या हिंदी सिनेमातल्या नायकासारखे, पडद्यामागचा रस्ता सरळ असला तरी. विचारलं तर म्हणतात, "तिचा स्वभावच तसा आहे."

इथे मी त्यांना पकडतो. स्वभाव कसला? कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली, तेव्हा अशी हलत होती का? ती झीज आहे. झिजेला वारसा म्हणणं म्हणजे आजोबांच्या मोतीबिंदूला आजोबांची नजर म्हणण्यासारखं. दुसरं म्हणजे, आमच्या जीपमध्ये मूळचं पेट्रोल इंजिन नाहीच. तेलाचा खर्च झेपेना म्हणून वडिलांनी तिथे डिझेल इंजिन बसवलं आणि आरसी बुकात नोंदवूनही घेतलं. स्नेही गेली बारा वर्षं ती डिझेल जीप पाहतायत. तिच्यात बसून हुरडा खायला येतायत. इंजिन बदललं तरी ती जीप होती, बॉक्स बदलल्यावर नाही? त्यांनी जे पहिल्यांदा पाहिलं, ते त्यांच्या लेखी मूळ. बहुतेकांच्या 'मूळ'चं मूळ इथेच असतं.

यावर ते गप्प बसले, म्हणून मी आणखी एक मुद्दा पुढे केला आणि त्यावर मी खूष होतो. आपल्याकडे जुन्या वस्तूशी वागण्याच्या दोन रीती आहेत, जतन आणि जीर्णोद्धार. जतन करायचं ते दाखवायला, जीर्णोद्धार करायचा तो वापरायला. जिल्ह्याला आता ज्यांचं नाव आहे, त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई. त्यांनी १७८० साली काशी विश्वेश्वराचं देऊळ बांधलं, ते पूर्वीच्या देवळाची हुबेहूब नक्कल म्हणून नव्हे. पूजा चालू व्हायला हवी होती, म्हणून आपल्या काळाच्या रीतीने नवं बांधलं. तो विश्वेश्वर नव्हे, विश्वेश्वरासारखा दिसणारा देव आहे, असं कोणी भाविक म्हणत नाही. २०२१ चे नियमही हाच फरक मानतात. 'व्हीए' नंबरची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा तेल भरायला रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. मला खताच्या गोण्या न्यायच्या आहेत. मला तो नंबर नकोच आहे.

जतन बघायचं असेल तर नगरमध्येच कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासूनचं. रणगाडे मैदानात ओळीने उभे आहेत. सेंच्युरियन, विजयंता, रोल्स-रॉईसची एक चिलखती गाडीसुद्धा. मी पाहुण्यांना घेऊन दरवेळी तिथे जातो आणि दरवेळी एकच गोष्ट सांगतो, ती इथेही सांगू द्या. रणगाड्याची पुढची चाकं वळत नाहीत. उजवीकडे जायचं तर उजवा पट्टा रोखायचा, डावा चालू ठेवायचा. अख्खं धूड जागच्या जागी घसटत वळतं. आता आपली बैलगाडी आठवा. तिचा आसही वळत नाही. आतल्या अंगाच्या बैलाचा कासरा ओढायचा, बाहेरच्याला हाकायचं, आतलं चाक जवळपास जागेवर राहतं आणि बाहेरचं फेरा घालतं. म्हणजे वळण्यापुरते बैलगाडी आणि विजयंता भाऊ-भाऊ. पुढची दोन चाकं वेगवेगळ्या कोनांत वळवायची, आतलं जास्त आणि बाहेरचं कमी, ही युक्ती म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या बग्गीवाल्याची. १८१८ साली लंडनमध्ये तिचं पेटंट निघालं ते मात्र त्याचा हस्तक अकरमन याच्या नावावर, आणि आज जगभर ती अकरमनचीच म्हणून शिकवतात. याचा माझ्या बॉक्सशी काही संबंध नाही. पण नावं कशी चिकटतात, ते यावरून कळतं.

तर जड आणि ढिलं. माझा दावा असा होता: ढिलेपणा ही झीज, ती काढलीच पाहिजे. जडपणा हा गुण असेल किंवा ओझं, पण पवित्र खासच नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून कित्येक वर्षं आमच्या जिल्ह्यातले ड्रायव्हर पॉवर स्टेअरिंगशिवायच अवजड बस वळवत होते. त्यांच्या खांद्यांना विचारा जडपणातलं सौंदर्य. फ्रान्सिस डेव्हिसने अमेरिकेत १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग तयार केलं, ते जड वाहनांच्या चालकांचे हाल पाहूनच. आणि पुण्याला जाताना कोरेगाव भीमाजवळून आत वढू बुद्रुकला वळलं, तर तिथे आज ट्रक-बसचे स्टेअरिंग गिअर बनवण्याचा मोठा कारखाना उभा आहे. एसटीत पॉवर स्टेअरिंग आलं तेव्हा ती एसटी राहिली नाही, असं कोणी म्हणालं नाही.

इथवर मी जिंकत होतो.

मग एका सकाळी विळद घाट उतरताना समोरून उसाची ट्रॉली आली. मी स्टेअरिंग बोटभर डावीकडे घेतलं आणि जीप हातभर गेली. परत आणलं तर उजवीकडे हातभर. बोट दिलं की हात धरावा, तशी. घाटाखाली गाडी उभी केली तेव्हा लक्षात आलं, की हलकेपणा आला होता पण ढिलेपणा गेलाच नव्हता. उलट पूर्वी जडपणामुळे मी तिला घट्ट धरून असायचो, चाकाला बसलेला प्रत्येक धक्का मनगटाला कळायचा. आता पंप तो धक्का मधल्यामध्ये गिळत होता.

वस्तादांनी जॅक लावला, पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड. "किंगपिनच्या बेअरिंग गेल्यात, भाऊ. मधल्या बेल क्रँकचा बुशही गेलाय." हे जॅक लावणं बॉक्स बदलायच्या आधी का झालं नाही, असं मी विचारलं. "तुम्ही बॉक्स टाका म्हणालात," ते म्हणाले. "नवा टाका" हे मुळात त्यांचे शब्द, पण मी वाद घातला नाही. मलाही तेच ऐकायचं होतं. बॉक्स झिजला होता हे खरं, पण दीड वाजेपर्यंतच्या त्या काट्यात त्याचा वाटा निम्माही नसावा. बाकी सगळा जोडांचा.

आणि जडपणा? तोही त्याचा नव्हता. या जीपला कारखान्यातून ६.००-१६ मापाचे टायर येत, सडसडीत, सायकलीच्या नात्यातले वाटावेत असे. चार वर्षांपूर्वी मुलाने हौसेने रुंद, गुटगुटीत टायर घातले. फोटोत जीप छान दिसायला लागली आणि जागेवर वळवताना माझा श्वास लागायला लागला. त्यात डिझेल इंजिनाचं ओझं. मी जडपणाला एकदा गुण म्हणत होतो, एकदा ओझं. तो आम्हीच विकत आणलेला होता.

म्हणजे माझ्याच कसोटीवर मी नापास. झीज काढली पाहिजे म्हणालो आणि ती तशीच ठेवली. बॉक्सवर दोन आरोप होते. एक बराचसा दुसऱ्यांचा, एक पुरताच आमचा. शिक्षा मात्र त्याला.

मग बसवला कशासाठी? हे लिहिताना उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे लिहून टाकतो. दोन वर्षं झाली. डॉक्टर त्याला खांदा आखडणं म्हणतात आणि व्यायाम सांगतात. झीज जीपची आणि माझी, दोघांची होती. मी माझी दुरुस्ती जीपच्या खर्चात टाकली आणि वर तिला काशी विश्वेश्वराचा दाखला दिला. जीर्णोद्धार देवासाठी असतो. हा पुजाऱ्याच्या गुडघ्यासाठी होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही, म्हातारा काठी घेतोच. पण काठीला पाय म्हणू नये, एवढं स्नेह्यांचं मला आता पटतं. त्यांनी सांगितलेलं कारण मात्र अजूनही पटत नाही. गाडी बदलली म्हणून ती जीप राहिली नाही, हे चूक. ती कुठे दुखतेय हे न बघता मी तिला औषध दिलं, हे खरं.

काठी बाजूला ठेवता आली पाहिजे. त्या बाबतीत नशिबाने वाचलो. नव्या बॉक्सची प्लेट चेसिसला वेल्ड करायचं ठरलं होतं, पण वेल्डर त्या दिवशी श्रीरामपूरला लग्नाला गेला आणि वस्तादांनी ती बोल्टवर घेतली. तेव्हा मी त्या वेल्डरला नावं ठेवली होती.

जुना बॉक्स ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून शेतातल्या घरात ज्वारीच्या कोठीमागे ठेवला आहे. किंगपिनच्या बेअरिंग मिळाल्या. ६.००-१६ चे दोन टायर आले, दोन यायचे आहेत.