लेकुरवाळ्यांच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३३:१२-१७; यशया ४०:११



वीस वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघे भाऊ भेटले. एसावाबरोबर चारशे माणसे होती. याकोबाबरोबर बायका, मुले आणि कळप. मिठ्या मारून झाल्या, रडून झाले, भेटी स्वीकारून झाल्या. मग एसाव म्हणाला की आता आपण मिळूनच मार्गस्थ होऊ. त्यावर याकोबाने दिलेले उत्तर आपण सहसा घाईने वाचून पुढे जातो. मुले कोवळी आहेत, माझ्याजवळ पाजणारी मेंढरे व गाईगुरे आहेत, एक दिवसही त्यांची दौड केली तर सारा कळप मरेल. स्वामींनी पुढे व्हावे, मी ह्यांच्या बेताने हळूहळू येतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

टीकाकार ह्या उत्तराकडे संशयाने पाहतात, आणि त्यास कारणही आहे. याकोब सेईरास गेल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. भावाला चुकवण्यासाठी त्याने मुले पुढे केली असतील. असोत. निमित्त म्हणून सांगितलेली गोष्टदेखील खरी असू शकते. लाबानाच्या घरची वीस वर्षे मोजली तर थोरला रऊबेन त्या वेळी फार तर बारा-तेरा वर्षांचा, योसेफ सुमारे सहा वर्षांचा. मध्ये नऊ भाऊ व एक बहीण दीना. असा तांडा चारशे धट्ट्याकट्ट्या पुरुषांच्या वेगाने चालू शकत नव्हता.

भाषांतराच्या मेजावर ह्या दोन ओळींनी मला पुष्कळ दिवस थांबवून धरले होते. 'पाजणारी' ह्या अर्थाचा जो इब्री शब्द याकोबाच्या तोंडी आहे, तोच यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात पुन्हा येतो. तेथे मेंढपाळ स्वतः परमेश्वर आहे. तो कोकरांना उराशी धरतो आणि पाजणाऱ्यांना सांभाळून नेतो. 'सांभाळून नेणे' ह्या क्रियापदाचा धातूही दोन्हीकडे एकच आहे : 'नाहल'. तेविसाव्या स्तोत्रात संथ पाण्याजवळ नेणारा मेंढपाळ येतो, तेथेही हाच धातू. याकोबाचे 'हळूहळू' हे शिलोहाच्या संथ पाण्याविषयी यशयाने वापरलेल्या शब्दाच्या कुळातले आहे. आणि 'मुलांच्या बेताने' ह्यासाठी इब्रीत अक्षरशः 'मुलांच्या पायाने' असे शब्द आहेत. मराठीत अशा आईसाठी 'लेकुरवाळी' हा किती भरलेला शब्द आहे! मेंढीला तो कोणी लावत नाही, म्हणून भाषांतरात घालता येत नाही. प्रवचनात घालावयास हरकत नसावी.

आता इथल्या, चेन्नईतल्या, एखाद्या मराठी ख्रिस्ती घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. आईबापांनी प्रार्थनापूर्वक मुलांना घरीच शिकवण्याचे ठरवले आहे. आठ वर्षांची थोरली अपूर्णांकांची बेरीज करीत आहे. सहा वर्षांचा भाऊ तमिळ अक्षरे गिरवीत आहे, कारण खालच्या अंगणातल्या सवंगड्यांशी त्याला त्याच भाषेत खेळावयाचे असते. तिसरे बाळ तीन आठवड्यांचे. छताच्या कडीला जुन्या सुती साडीची झोळी टांगली आहे. तमिळ शेजारीण तिला 'तूळी' म्हणते, आणि बाळाच्या अंघोळीनंतर सांबराणीचा धूर दाखवावयास तीच आठवणीने येते. गावाहून आलेल्या आजीने डिंकाचे लाडू आणले आहेत. दहा वाजता बाळ उठते. अपूर्णांक तेथेच थांबतात. बाळ झोपते तोच खाली पाण्याची लॉरी येते. दुपारी उकाड्याने सगळीच किरकिरी होतात. संध्याकाळी दूरध्वनीवर कोणी नातेवाईक विचारतो, "कितवीचं चाललंय आता?" आई काहीतरी उत्तर देते, आणि रात्री दिव्याखाली वहीत न झालेली पाने मोजत बसते.

कायद्याचा व परीक्षेचा प्रश्न मी येथे लांबवीत नाही. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे दहावीची परीक्षा देता येते, एवढे पुष्कळांना ठाऊक आहे. त्या आईला छळते ते निराळेच. तिला वाटते की बाळ अभ्यासाच्या आड आले. एसावाची माणसे धूळ उडवीत पुढे निघून गेली आणि आपण मागे राहिलो.

भगिनींनो, एसाव ह्या अध्यायात दुष्ट नाही. तो प्रेमाने बोलावतो, सोबतीला माणसे देऊ करतो. शाळाही दुष्ट नाहीत. त्यांचा वेग मात्र चारशे माणसांचा असतो, आणि तुमच्या घरात सध्या एक पाजणारी आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याच्या वेळा दिल्या आहेत : घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता. आपल्या भाषांतरात तेथे 'बिंबव' असे क्रियापद आहे. मूळ इब्री धातूत धार लावण्याचा अर्थ आहे. धार एका घासण्याने लागत नाही. बाळ रडताच अपूर्णांक बाजूला ठेवून ते दुपटे आणून देणाऱ्या सहा वर्षांच्या मुलावर त्या घटकेला काही घासले जातच असते.

ह्याचे एक उदाहरण आपल्याच मंडळीच्या इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. त्या काही महिन्यांच्या असतानाच अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह यात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या मोठ्या पेटीत ठेवून डोंगरावरून खाली आणले. थोरली कृष्णाबाई व भाऊ श्रीनिवास बरोबर होते. शाळा नव्हती, घरही नव्हते. स्त्रीला संस्कृत शिकवले म्हणून पंडितांचा रोष पत्करलेल्या अनंतशास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले होते, आणि त्या आपल्या धाकट्या मुलीला शिकवीत. दिवसभर कामाचा रगाडा असे, म्हणून पहाट होण्यापूर्वी झोपाळू रमेला कुरवाळून उठवावयाचे आणि पाठ द्यावयाचा. पुस्तक नव्हे; आईचे तोंड हेच पुस्तक.

ह्या शिक्षणाने त्या घराचे दुःख टळले नाही. १८७४ साली मद्रास इलाख्यात, येथून फार दूर नसलेल्या तिरुपतीच्या परिसरात, उपासमारीने खंगलेले अनंतशास्त्री वारले. मागोमाग लक्ष्मीबाई, आणि पुढे कृष्णाबाईही. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी ज्या मुलीला 'पंडिता' व 'सरस्वती' म्हटले, तिने शाळेची पायरी कधी चढली नव्हती. तीच पुढे इब्री व ग्रीक शिकली, केडगावच्या मुक्तिसदनात बसून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत तिने पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि १९२२ साली ते काम हातावेगळे करून प्रभूकडे गेली. मी स्वतः त्याच कामात असल्यामुळे तिच्या काही शब्दांशी भांडतो. मात्र तिची वाक्ये मोठ्याने वाचली की ती कानाने शिकलेल्या माणसाची आहेत हे लगेच कळते.

घरच्या शिक्षणाची ही दुसरीही बाजू सांगावयास हवी, नाहीतर हे प्रवचन भाबडे होईल. ह्याच मद्रासमध्ये १९५३ साली राजाजींच्या सरकारने अशी योजना काढली की मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ घरी वडिलांचा धंदा शिकावा. लोकांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हटले आणि ती जातीच्या चौकटीत कोंडणारी म्हणून नाकारली. १९५४ साली कामराजांनी ती मागे घेतली. लोकांचे काही चुकले नाही, असे माझे मत आहे. लक्ष्मीबाईंच्या घरात मुलीला जे मिळाले ते तिला रूढीने नाकारलेले होते. ज्या घरात आठ वर्षांच्या थोरलीच्या हातून वही काढून घेऊन तिला दिवसभर बाळाच्या झोळीची दोरी ओढावयास बसवतात, आणि त्याला घरगुती शिक्षण म्हणतात, तेथे चाल मुलांच्या पायाची राहिलेली नाही. बाळाला घटकाभर घेणे हे बहिणीचे प्रेम. रोज तेच करावयास लागणे ही चाकरी.

आणि बंधूंनो, येथे वडिलांशी दोन शब्द. कळपाची चाल कोण ठरवतो ते पाहा. लेआ बोलत नाही, राहेल बोलत नाही. त्यांना आपल्या थकव्याची कैफियत मांडावी लागत नाही. याकोबच उठून सांगतो की आम्ही ह्या वेगाने येऊ शकत नाही. नातेवाइकाच्या फोनला उत्तर तुम्ही द्यावयाचे. रात्रीचे दुपटे तुम्ही बदलू शकता. अपूर्णांक तर नक्कीच शिकवू शकता. बाळंतपणानंतर पत्नी आठवडेच्या आठवडे उदास राहिली, विनाकारण रडू लागली, बाळाकडे पाहीनाशी झाली, तर तिचा विश्वास कमी पडला असे कोणी म्हणू नये, आणि तिला म्हणू देऊ नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे, आणि तिच्याबरोबर तेथे बसावे. प्रार्थना तेथेही करता येते.

याकोब त्या दिवशी सेईरपर्यंत गेला नाही, हे मी वर सांगितले. तो सुक्कोथ येथे थांबला. तेथे त्याने स्वतःसाठी घर बांधले आणि गुराढोरांसाठी खोपटी उभारली. 'सुक्कोथ' म्हणजे खोपटी. त्या जागेला नाव मिळाले ते याकोबाच्या घरावरून नव्हे, त्या पाजणाऱ्या जनावरांच्या निवाऱ्यावरून.