मासा सोडला, म्हणून झालं?

अलिबाग-काशिदच्या वीकेंडच्या रीलमध्ये एक दृश्य आता ठरलेलं असतं. बोटीवर कुणीतरी गळाला लागलेला मासा कॅमेऱ्यासमोर धरतो, हसतो आणि परत पाण्यात सोडतो. खाली बदामांची रांग. मारला नाही, सोडून दिला. म्हणजे माणूस संवेदनशील.

त्याच किनाऱ्यावर ओहोटीला खडकांत वाकून बसलेल्या बायका दिसतात. टोकदार लोखंडी अवजाराने त्या खडकाला चिकटलेली कालवं फोडतात आणि आतलं मांस भांड्यात जमवतात. ते बाजारात किंवा घरच्या कालवणात जातं. याचं रील फारसं कुणी करत नाही.

मला पडलेला प्रश्न असा : या दोघांपैकी समुद्रातल्या जिवाशी नीट कोण वागलं?

सरळ हिशेब मांडला तर गळवाला जिंकतो. त्याचा मासा जगला, कालवं मेली. पण हिशेब इतका सरळ नाही. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत अ‍ॅसिटिक आम्ल टोचून पाहिलं. त्या माशांनी बराच वेळ खाणं टाळलं, काहींनी ओठ टाकीतल्या खड्यांवर घासले. इजा ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं माशांच्या तोंडाभोवती असतात, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे गळ रुततो नेमका तिथेच. यावर वाद आहेत. आपल्यासारखा मेंदू नसताना माशाला 'दुखतं' म्हणता येईल का, असं काही शास्त्रज्ञ विचारतात. कालवाला तर मेंदूच नसतो, साध्या चेतागाठी असतात. त्यामुळे दुःखाचा हिशेब धरला, तर निकाल उलटाही लागू शकतो.

कोळी समाजाला साधुत्व बहाल करण्याचा माझा इरादा नाही. जाळ्यातला मासाही तडफडतोच. यांत्रिक बोटींच्या जाळ्यात नको असलेले जीव आणि पिल्लंही येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी करावी लागते, ती उगाच नाही. शिवाय मासे मारणारा एकटा दोषी आणि सुरमईची तुकडी खाणारे आपण निर्दोष, असंही नाही. फरक एवढाच की भुकेला माप असतं. पोट भरलं, टोपली भरली की हात थांबतो. निदान थांबू शकतो. मौजेला असं माप नाही. फोटो नीट आला नाही, तर आणखी एक मासा लागतो.

मग फक्त बघणारे? स्नॉर्केल लावून पाण्यात डोकावणारा माणूस या सगळ्यातून सुटला, असं वाटतं. त्यासाठी आपल्याकडे लोक मालवण-तारकर्लीला जातात. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. पण बघण्यालाही हात असतात. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकायचा, दमल्यावर पोवळ्यावर पाय टेकवायचा, तारामासा उचलून हातावर ठेवायचा, हे पर्यटनाच्या जागी जगभर चालतं. गळ नसला तरी मागणी तीच : तू माझ्यासाठी समोर ये.

इथे रायगडचा किनारा मला उपयोगी पडतो. धरमतर, रेवदंडा, राजपुरी अशा खाड्या गाळ आणतात आणि पाणी गढूळ राहतं. मास्क लावून आत शिरलात, तर बहुधा स्वतःचा हातही धड दिसणार नाही. 'इथे बघायला काही नाही' म्हणून लोक निराश होतात. पण इथला समुद्र दिसतो, तो त्याच्या वेळेला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, तेव्हा ओहोटीही खोल जाते, आणि ती साधारण पहाटे सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं हलतच नाही. रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. चेक-आउटची वेळ त्याला माहीत नसते.

खोल ओहोटीला खडकांच्या डबक्यांशेजारी पंधरा मिनिटं गप्प बसलं, की फुलासारखा दिसणारा जीव मिटतो-उघडतो. 'शंख' समजून ज्याकडे हात जाणार असतो, तो चालायला लागतो. आत खेकडा असतो. त्याचं मागचं अंग मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आठवण म्हणून आपण पिशवीत भरलेला रिकामा शंख कुणाचं तरी पुढचं घर असतो.

यातून मला एक कसोटी सुचते. माझ्या आनंदाची किंमत कोण मोजतं? पहाटे उठणं, शेवाळावर घसरणं, काहीच न दिसता परतणं ही किंमत माझी. गळवालाही तासन्‌तास थांबतो, संयम त्याच्याकडेही आहे. पण शेवटचा हप्ता मासा भरतो, आणि तो केवळ माझ्या चित्रासाठी. कालवं काढणारी बाईदेखील जीव घेते, पण ती गरजेपोटी, आणि ते सुंदर आहे असं ती कुणाला सांगत नाही.

यावर रास्त आक्षेप आहे : सगळेच गप्प बसून बघायला लागले, तर बोटवाल्याची चूल कशी पेटणार? गळाची ट्रिप हेच त्याचं उत्पन्न असेल, तर माझी नैतिकता त्याच्या पोटावर पाय देते. याचं एक उत्तर बाणकोटच्या खाडीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला आहे. तिथे कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात, पैसे देतात. पिल्लं त्या दिवशी बाहेर येतीलच याची खात्री कुणी देत नाही. हरिहरेश्वर, दिवेआगरलाही कासवं अंडी घालतात. म्हणजे दाखवणाऱ्याला पैसे मिळू शकतात, आणि न दिसण्याची शक्यताही धरता येते.

अडचण आपल्या बाजूची आहे. आपण दोन दिवसांची सुट्टी काढून, पेट्रोल जाळून जातो आणि 'वसूल' व्हावं असं वाटतं. ते वाटणं खोटं नाही. पण वसुली करायची असेल तर ती रिसॉर्टकडून करावी. माशाने आपल्याकडून काहीच घेतलेलं नाही.