दुनिया सोडणाऱ्यांचा हिशेब

शाळा सुटल्यावर संध्याकाळी दोन तास मी एका खासगी क्लासवर गणित शिकवीत असे. तिथे दर शनिवारी चाचणीचे गुण भिंतीवर लागत. पहिली दहा नावं लाल शाईत, बाकीची निळ्या. आठवीतला एक मुलगा कायम निळ्या शाईतला. तो एके दिवशी यायचा बंद झाला. घरी म्हणाला होता म्हणे, "मैं कितना भी पढूं, कोई और आगे निकल जाता है." त्याचं काय चुकलं? सगळेच जोरात पळू लागले तर नंबर तसेच राहतात, फक्त धाप वाढते. हे आम्हा गणित शिकवणाऱ्यांच्या आधी त्याला उमगलं. रमजान ईद झाली आणि मी क्लास सोडला.

शाळेतल्या शिक्षिका कौतुकाने म्हणाल्या, "बाजी, आपने तो दुनिया छोड दी!" ऐकायला बरं वाटलं, खोटं का बोलू?

मग त्या मुलाच्या घरी गेले. आमच्या मालेगावात निम्म्या घरांचा पत्ता लूमच्या खडखडाटावरून सांगता येतो, त्यातलंच ते एक. वडील मागावर बारा तासांची पाळी करतात, मजुरी कापडाच्या मीटरवर. पूर्वी चार माग सांभाळायचे, आता आठ. मी क्लास सोडल्याचं कळल्यावर म्हणाले, "अच्छा किया टीचर. मैं छोडूं तो शाम तक मेरे लूम पर दूसरा खडा रहेगा." आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

शर्यतीतून बाहेर पडणं ही मनाच्या ताकदीची गोष्ट आहे, असं आपण वाजांमध्ये ऐकतो, पुस्तकांत वाचतो. तकासुर ही सूरत तर आपल्याला लहानपणापासून पाठ असते. एकमेकांपेक्षा जास्त जमवण्याची हाव माणसाला थेट कबरीपर्यंत गाफील ठेवते, हा तिचा इशारा. पण तो इशारा मेहनतीविरुद्ध नाही. जुम्याची नमाज झाली की पुन्हा रोजी शोधायला पांगा, असंही कुराणशरीफच सांगतं; आणि नेकीत एकमेकांच्या पुढे जायलाही सांगतं. तिथे दुसरा पुढे गेला म्हणून माझं काही कमी होत नाही. भिंतीवरच्या यादीत होतं. मीटरवर राबणारा तो बाप तर तकासुरमध्ये नाहीच. त्याला कोणाच्या पुढे जायचं नाही, आहे तिथून ढकलला जायचं नाही, एवढंच.

अशा वेळी हमखास इमाम गझालींचं उदाहरण दिलं जातं. 1091 मध्ये ते बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य उस्ताद झाले, तेव्हा जेमतेम तेहेतीस वर्षांचे होते. त्या काळच्या इस्लामी जगात विद्वानाला याहून मोठी जागा क्वचितच असेल. चार वर्षांनी त्यांची जीभ अडखळू लागली, वर्गात शब्द फुटेना, घास गिळवेना. हकिमांनी सांगितलं, दुखणं मनाचं आहे. सहा महिने त्यांचं जाऊ की राहू चाललं होतं. शेवटी मक्केला जातो असं सांगून 1095 मध्ये ते शामच्या वाटेला लागले.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. गझालींनी आत्मकथनात पुढे जे प्रामाणिकपणे लिहिलं, ते मात्र कोणी सांगत नाही. माल वाटून टाकताना त्यांनी मुलाबाळांच्या गुजराण्यापुरतं बाजूला ठेवलं होतं, आणि त्याला आधार दिला होता इराकमधल्या वक्फच्या मालाचा. म्हणजे फकिरी पत्करणाऱ्याच्या पाठीशी एक व्यवस्था उभी होती. यात मला ढोंग दिसत नाही. त्यांनी हिशेब लपवला नाही, हीच मोठी गोष्ट. त्यांच्या बीबीला काय वाटलं असेल, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही. मुलांच्या हाकांनी आपल्याला वतनाकडे ओढलं, एवढं तेच लिहितात. पुढे 1106 मध्ये ते पुन्हा शिकवायला लागले, निशापूरच्या निजामियात. काम तेच, पण पूर्वी नाव कमावण्याचं इल्म शिकवत होतो, आता ते सोडण्याचं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्यापाशीही वक्फ आहेच. एक तारखेला बँकेत जमा होणारा पगार. त्याच्या जोरावर मी क्लासला सलाम केला. आपल्या वस्तीत असा पगार किती घरांत येतो? ज्यांच्याकडे येत नाही, त्यांना कनाअतीचे धडे द्यायला आपण पुढे असतो. आठ मागांचे पुन्हा चार व्हावेत आणि मजुरी तेवढीच राहावी, यावर मात्र वाज झालेला मी कधी ऐकला नाही.

आणि माझा हिशेब तरी कुठे पुरा आहे? क्लासचे पैसे धाकट्या भावाच्या फीला जायचे. ईदनंतरचा हप्ता अब्बांनी भरला. कुठून आणले, ते मी विचारलं नाही. त्यांचं शिवणकामाचं दुकान मगरीबला बंद व्हायचं; आता इशानंतरही दिवा चालू असतो. काल मी चहा घेऊन गेले, तर चष्मा कपाळावर सारून सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "तू जा बेटी, कापियां तपासायच्या असतील."

कापियां नव्हत्या. मी सुई हातात घेतली आणि दोरा ओवून दिला.